संताजी जगनाडे

संताजी जगनाडे (जन्म : परंपरेनुसार ८ डिसेंबर १६२४, चाकण; समाधी : सुदुंबरे) हे सतराव्या शतकातील वारकरी संत, संत तुकारामांचे शिष्य आणि त्यांच्या अभंगांचे लेखनिक होते. तुकारामांच्या चौदा टाळकऱ्यांमध्ये त्यांची गणना होते. व्यवसायाने तेली असल्यामुळे जुन्या लिखाणात त्यांचा उल्लेख 'संताजी तेली' असाही आढळतो. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वह्या तुकारामांच्या गाथेच्या महत्त्वाच्या हस्तलिखितांपैकी आहेत. तुकारामांचे अभंग कीर्तनात गायले गेले, श्रोत्यांना पाठ झाले आणि वह्यांतही उतरले. कंठ आणि कागद या दोन्हींशी जोडलेले असल्याने संताजींचे चरित्र मराठी वाङ्मयाच्या इतिहासाबरोबरच मानवी स्मृतीच्या अभ्यासाच्या दृष्टीनेही लक्षणीय ठरते.

जन्म आणि कुटुंब

संताजींचा जन्म पुणे जिल्ह्यातील चाकण येथे झाला. वडिलांचे नाव विठोबा आणि आईचे मथाबाई असे परंपरेने सांगितले जाते. सांगवी, पिंपरी, चिंचवडपासून चाकणपर्यंत आज औद्योगिक वसाहती पसरलेल्या असल्या, तरी सतराव्या शतकात हा पवना, इंद्रायणी आणि भामा या नद्यांच्या काठचा शेतीचा मुलूख होता. चाकण हे त्यातील बाजारपेठेचे गाव असून तेथे संग्रामदुर्ग हा भुईकोट किल्ला होता.

जगनाडे कुटुंबाचा तेलाचा घाणा होता. धंद्याच्या हिशेबापुरते लिहिणे-वाचणे संताजी लहानपणी शिकले, असे चरित्रकार सांगतात. हे अक्षरज्ञान पुढे त्यांच्या आयुष्यातील मुख्य कार्याला उपयोगी पडले. १६३० ते १६३२ या काळात दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला, तेव्हा संताजी लहान होते. याच दुष्काळात देहूच्या तुकारामांची पहिली पत्नी दगावली आणि त्यांचा व्यापारही बसला. पुढे संताजींचा विवाह यमुनाबाई यांच्याशी झाला.

तुकारामांचे शिष्यत्व

देहू आणि चाकण ही गावे एकमेकांपासून फार दूर नाहीत. तुकारामांनी ज्या भामचंद्र डोंगरावर चिंतन केले, तो डोंगरही चाकणच्या परिसरातच आहे. चाकण येथे झालेल्या तुकारामांच्या कीर्तनाने संताजी प्रभावित झाले आणि त्यांनी संसार सोडण्याचा विचार बोलून दाखवला, अशी कथा आहे. प्रपंच न सोडताही परमार्थ साधता येतो, असे तुकारामांनी त्यांना समजावले. त्यानुसार संताजींनी घाण्याचा व्यवसाय चालू ठेवला. त्यांच्या नावावर असलेल्या 'घाण्याच्या अभंगां'त घाणा, बैल आणि तेल यांची रूपके अध्यात्मासाठी वापरलेली आहेत.

टाळकरी आणि लेखनिक

कीर्तनात टाळकरी कीर्तनकाराच्या मागे उभे राहतात, टाळ धरतात आणि ध्रुपद उचलून पुन्हा पुन्हा गातात. संताजी अभंग ऐकत, इतरांबरोबर गात आणि नंतर लिहीत. कडूसचे गंगाराम मवाळ हेही तुकारामांचे लेखनिक म्हणून ओळखले जातात.

लेखनिकाच्या या कामाला सामाजिक बाजूही होती. वेदांचे पठण शतकानुशतके विशिष्ट वर्गापुरते मर्यादित होते आणि पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा पद्धतींनी प्रत्येक अक्षर जसेच्या तसे राखण्याची शिस्त त्यासाठी उभी केलेली होती. अभंगाची व्यवस्था वेगळी होती. तो कोणीही ऐकावा, पाठ करावा आणि गावा असा होता. कुणबी कवीची रचना तेली लेखनिकाने उतरवून घेणे ही गोष्ट तत्कालीन धार्मिक अधिकाराच्या कल्पनेत बसणारी नव्हती. तुकारामांच्या वह्यांविरुद्ध उठलेल्या वादाचे मूळ याच प्रश्नात होते.

इंद्रायणीचा प्रसंग

शूद्राने धर्मोपदेश करणारी प्राकृत रचना करू नये, असा आक्षेप घेऊन वाघोलीच्या रामेश्वर भटांनी तुकारामांना वह्या पाण्यात बुडवण्यास सांगितले, असे परंपरा सांगते. तुकारामांनी वह्या इंद्रायणीत सोडल्या आणि ते काठावर तेरा दिवस निराहार बसले. त्यानंतर वह्या कोरड्या वर आल्या, अशी श्रद्धा आहे. तुकारामांच्या समकालीन शिष्या बहिणाबाई शिऊरकर यांच्या अभंगांतही या प्रसंगाचा उल्लेख असल्याने, मूळ घटनेची आठवण बरीच जुनी असल्याचे दिसते. रामेश्वर भट पुढे स्वतः तुकारामांचे अनुयायी झाले. देहू येथे जतन केलेले एक हस्तलिखित आजही 'भिजकी वही' या नावाने ओळखले जाते.

या प्रसंगाकडे आधुनिक काळात वेगळ्या रीतीनेही पाहिले गेले. तोपर्यंत अभंग पंचक्रोशीतील लोकांना पाठ झालेले होते, त्यामुळे कागद बुडाला तरी रचना बुडाली नाही आणि लोकांच्या तोंडून ती पुन्हा लिहून काढता आली, असे हे मत आहे. या पुनर्लेखनाचे मुख्य श्रेय संताजींना दिले जाते. हे मत मानले, तर पुढचा प्रश्न असा उरतो की, मानवी स्मृती एवढा मोठा काव्यसंग्रह खरोखर सांभाळू शकते का, आणि सांभाळला तर किती अचूक.

स्मृतीच्या अभ्यासातून

बोधनिक मानसशास्त्रात स्मृतीच्या तीन प्रक्रिया मानल्या जातात : संकेतन म्हणजे अनुभव मनात नोंदला जाणे, साठवण म्हणजे तो टिकणे, आणि पुनर्प्राप्ती म्हणजे हवा तेव्हा तो आठवणे. या विषयाचा पहिला पद्धतशीर प्रायोगिक अभ्यास जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस (१८५०–१९०९) यांनी स्वतःवरच केला आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. निरर्थक अक्षरगट पाठ केल्यास त्यांतील बराचसा भाग पहिल्या काही तासांतच विसरला जातो आणि नंतर विस्मरणाचा वेग मंदावतो, असे त्यांना आढळले. त्यांनी तुलनेसाठी बायरनच्या 'डॉन जुआन' या काव्यातील कडवीही पाठ केली. तेवढ्याच लांबीच्या निरर्थक मजकुराला लागणाऱ्या आवृत्त्यांच्या सुमारे एक दशांश आवृत्त्यांत ती पाठ झाली. अर्थ, लय आणि यमक यांनी बांधलेला मजकूर स्मृतीला किती सोपा जातो, हे यावरून दिसले.

अभंगाची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मोठ्या अभंगात चार चरण असतात. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा असतो, तर दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक जुळते. लहान अभंगात साधारणपणे आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असून शेवटी यमक असते. एखादा शब्द आठवला नाही, तर त्या जागी बसणारा शब्द ठरावीक अक्षरसंख्येचा, ठरावीक यमकाचा आणि आशयाशी जुळणारा असावा लागतो. या बंधनांमुळे चुकीचे पर्याय आपोआप गळतात. मौखिक परंपरांचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रुबिन यांनी १९९५ च्या ग्रंथात महाकाव्ये, लोकगीते आणि बालगीते यांच्या बाबतीत हेच तत्त्व मांडले आहे. लय, ध्वनी, दृश्य प्रतिमा आणि विषय यांची बंधने एकत्र आली की रचना पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

अभंग टिकण्यामागे गाण्याची पद्धतही होती. दर एकादशीचे कीर्तन, भजन आणि वारी यांमुळे तेच अभंग काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा म्हटले जात. मजकूर एका बैठकीत अनेकदा घोकण्यापेक्षा अंतराअंतराने आणि न पाहता आठवून म्हटल्यास तो अधिक काळ टिकतो, हे प्रयोगांनी वारंवार दिसून आले आहे. ध्रुपदामुळे कडव्यांच्या मध्ये पुढील ओळ आठवण्यास अवसर मिळतो. तसेच समूहात गाताना एकाची चूक दुसऱ्याच्या कानाला खटकते. एंडेल टुल्विंग आणि डोनाल्ड थॉमसन यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार, आठवताना मिळणारे संकेत हे शिकतानाच्या संकेतांशी जुळले तर आठवणे सोपे जाते. चाल, टाळाचा ठेका आणि सोबतचे आवाज हे असेच संकेत होत.

मात्र स्मृती ही मूळ गोष्टीची हुबेहूब प्रत नसते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या ग्रंथात दाखवले की, माणूस ऐकलेली गोष्ट आठवताना आपल्या परिचयाच्या साच्यात ती नव्याने घडवतो. अनोळखी तपशील गळतात, ओळखीचे शब्द त्यांची जागा घेतात आणि तरीही सांगणाऱ्याला आपली आठवण बिनचूक वाटते. अभंगाच्या छंदाने या बदलाला मर्यादा घातली, पण तो पूर्णपणे थांबवला नाही. छंदात आणि अर्थात बसणारा दुसरा शब्द मूळ शब्दाची जागा सहज घेऊ शकतो आणि त्याची चूक ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही. त्यामुळे रचना वाचवण्याचे काम लोकांच्या कंठाने केले असले, तरी शब्द स्थिर करण्यासाठी लेखनाची गरज होती. लेखनिक म्हणून संताजींचे महत्त्व येथे आहे.

वह्यांचे जतन

तुकारामांचे वैकुंठगमन फाल्गुन वद्य द्वितीयेला, इ.स. १६५० मध्ये झाल्याचे मानले जाते. परंपरेने मानलेले जन्मवर्ष धरले तर संताजी त्या वेळी पंचवीस वर्षांचे होते. गुरूनंतरचा पुढील सारा काळ त्यांनी वह्या जपण्यात आणि अभंगांचा प्रसार करण्यात घालवला. हा काळ धामधुमीचा होता. १६६० मध्ये शाहिस्तेखानाच्या मोगल फौजेने चाकणच्या किल्ल्याला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी सुमारे दोन महिने लढा दिल्यानंतर तो मोगलांच्या हाती गेला. अशा काळात वह्या सुरक्षित राहिल्या, हे संताजींचे आणि त्यांच्या घराण्याचे कार्य मानले जाते. त्यांचे पुत्र बाळाजी यांनीही अभंगलेखनाचे काम पुढे चालवले.

गाथेचे पाठ

तुकारामांच्या अभंगांची हस्तलिखिते निरनिराळ्या ठिकाणी तयार झाली आणि त्यांत पाठभेद आढळतात. एकच अभंग एका वहीत एका शब्दाने, तर दुसरीत वेगळ्या शब्दाने येतो, तर कुठे कडव्यांचा क्रम बदलतो. मुंबई सरकारच्या साहाय्याने विष्णू परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी सिद्ध केलेली गाथा इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली. तिच्यासाठी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील हस्तलिखिते ताडून पाहण्यात आली होती.

'महाराष्ट्र सारस्वत'कार विनायक लक्ष्मण भावे यांनी संताजींच्या वह्यांच्या आधारे 'तुकारामबुवांचा अस्सल गाथा' प्रसिद्ध केला. संताजींच्या वह्यांतील पाठ तुकारामांच्या मूळ बोलीला अधिक जवळचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. या प्रकाशनामुळे संताजींचे नाव भाविकांच्या वर्तुळाबाहेर अभ्यासकांपर्यंत पोहोचले.

संताजींच्या वह्यांत असलेल्या अभंगांपेक्षा छापील गाथेतील अभंगांची संख्या बरीच मोठी आहे. लिखित वहीत नसलेला प्रत्येक अभंग प्रक्षिप्त ठरत नाही, कारण अनेक अभंग केवळ गायनातून टिकलेले असू शकतात. दुसरीकडे, शेवटच्या चरणातील तुकारामांची नाममुद्रा लोकांच्या परिचयाची झाल्यावर इतरांच्या रचनाही त्या नावाखाली येण्याची शक्यता वाढली. मजकूर लक्षात राहतो पण तो कोणाकडून मिळाला याची आठवण चुकते, हा दोष मानसशास्त्रात स्रोतस्मृतीचा दोष म्हणून ओळखला जातो. म्हणूनच तुकारामांच्या निकटवर्तीयाशी जोडलेल्या वह्यांना पाठचिकित्सेत वेगळे वजन प्राप्त होते.

समाधी

संताजींनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मावळ तालुक्यातील सुदुंबरे येथे देह ठेवला. त्यांच्या समाधीविषयी एक कथा प्रसिद्ध आहे. दोघांपैकी जो मागे राहील त्याने दुसऱ्याला माती द्यावी, असे गुरुशिष्यांचे ठरले होते. संताजींच्या देहावर कितीही माती लोटली तरी चेहरा झाकला जाईना. अखेर तुकारामांनी येऊन तीन मुठी माती टाकली, तेव्हा समाधी पूर्ण झाली. या कथेला ऐतिहासिक पुरावा नाही, तथापि वचन आठवणीत ठेवून ते पाळण्याचा तिचा आशय वारकरी परंपरेत आदराने सांगितला जातो. मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला सुदुंबरे येथे पुण्यतिथीचा उत्सव भरतो.

चरित्राची साधने

संताजींच्या समकालातील तपशीलवार चरित्र उपलब्ध नाही. तुकाराम आणि त्यांच्या शिष्यमंडळींच्या पारंपरिक चरित्राचा मोठा आधार महिपती (१७१५–१७९०) यांचे ग्रंथ हा आहे. 'भक्तलीलामृत' हा त्यांचा ग्रंथ १७७४ मधील, म्हणजे तुकारामांनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी पूर्ण झालेला आहे. मधल्या काळात हे प्रसंगही कीर्तनकारांच्या आणि घराण्यांच्या स्मृतीतूनच पुढे आले. त्यामुळे अभंगांच्या बाबतीत लागू पडणारी सावधगिरी संताजींच्या चरित्रकथांनाही लागू पडते.

वारसा

सुदुंबरे येथील समाधिमंदिर हे महाराष्ट्रातील तेली समाजाचे प्रमुख श्रद्धास्थान आहे. भारतीय टपाल खात्याने २००९ मध्ये संताजी जगनाडे महाराजांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. दरवर्षी ८ डिसेंबरला त्यांची जयंती साजरी होते. नागपुरातील एका प्रमुख चौकाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.