आल्बर्ट लुथुली

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलु-नाताळ प्रांतात उसाच्या मळ्यांनी वेढलेले ग्राउटव्हिल नावाचे खेडे आहे. तेथील झुलू लोक आपला प्रमुख मत देऊन निवडीत. 1935 साली त्यांनी अॅडम्स कॉलेजातील एका शिक्षकास या पदासाठी निवडले. ते शिक्षक म्हणजे आल्बर्ट लुथुली. प्रमुखाचे वेतन शिक्षकाच्या वेतनाहून कमी होते. पुष्कळ विचार करून लुथुलींनी गावाचा शब्द मानला.

गावच्या सभेत स्त्रियांनाही बोलावण्याचा प्रघात त्यांनी पाडला. लहान ऊस-शेतकऱ्यांना संघटित केले. मात्र आपला प्रमुख निवडणाऱ्या या लोकांना देशाच्या पार्लमेंटासाठी मत देण्याचा अधिकार नव्हता. ही विसंगती लुथुलींना दिवसेंदिवस अधिक बोचू लागली.

1948 साली वर्णभेदाचा पुरस्कार करणारे गोरे सरकार अधिकारावर आले. त्याने 1951 मध्ये कायदा करून जमातींच्या प्रमुखांना आपल्या दावणीला बांधले. जो तो आपल्या जमातीपुरता पाहू लागला की सर्वांसाठी हक्क मागणारा कोणी उरत नाही, हे त्यामागचे इंगित होते. फुटीचे विष किती भयंकर असते हे लुथुलींनी जवळून पाहिले होते. 1949 साली डर्बन शहरात आफ्रिकी व हिंदी लोकांत दंगल होऊन 142 माणसे मेली होती.

तरीही 1952 साली आफ्रिकी व हिंदी काँग्रेसने मिळून अन्यायी कायद्यांचा भंग आरंभिला. आठ हजारांवर सत्याग्रही तुरुंगात गेले. काँग्रेस सोडा, नाहीतर प्रमुखपद सोडा, असे सरकारने लुथुलींना बजावले. त्यांनी दोन्ही सोडण्याचे नाकारले. नोव्हेंबरात सरकारने त्यांना पदावरून दूर केले. डिसेंबरात आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने त्यांना आपले अध्यक्ष निवडले. लोक मात्र त्यांना अखेरपर्यंत ‘प्रमुख’ म्हणूनच हाक मारीत!

पुढे स्थानबद्धता, 1956 चा राजद्रोहाचा आरोप, तुरुंगवास असे एकामागून एक आघात झाले. मार्च 1960 मध्ये शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात 69 माणसे मरण पावली, तेव्हा आफ्रिकी माणसाला सदैव जवळ बाळगावा लागणारा परवाना लुथुलींनी सर्वांसमक्ष जाळला. 1960 चे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना लाभले. तो मान मिळविणारे ते पहिले आफ्रिकी. ते स्वीकारण्यास डिसेंबर 1961 मध्ये ओस्लोला जाण्यासाठी त्यांना सरकारची परवानगी काढावी लागली.

21 जुलै 1967 रोजी गावाजवळच्या रेल्वेमार्गावर ते जखमी होऊन मरण पावले. आगगाडीची धडक बसली, असा निर्णय त्या वेळच्या चौकशीत झाला. 2025 साली न्यायालयाने तो रद्द ठरविला व मारहाणीने त्यांचा मृत्यू झाल्याचा निकाल दिला. तेव्हा त्यांना जाऊन 58 वर्षे लोटली होती.