वाचून झाली की चिठ्ठी फाडायची: एमआरएनएचं कोडं सोडवणारे जॅक मोनो

२०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाड्याच्या पाड्यांवर कोरोनाची लस पोहोचली ती आइस पॅक घातलेल्या पेटीतून. कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिन २ ते ८ अंशांत टिकायच्या, म्हणून ते जमलं. फायझरची एमआरएनए लस मात्र सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावी लागायची. डोंगरातल्या आरोग्य केंद्रात तसा फ्रीझर कुठून आणणार?

एमआरएनए मुळातच नाजूक. पण पेशीत त्याचं हेच अल्पायुष्य कामाचं असतं. हे ज्यांनी ओळखलं, त्यांच्यातलं एक मोठं नाव म्हणजे फ्रान्सचे जॅक मोनो.

९ फेब्रुवारी १९१० ला पॅरिसमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील चित्रकार, आई अमेरिकन. लहानपणी पोलिओ झाला आणि एक पाय अधू राहिला. १९३६ मध्ये ते ग्रीनलंडच्या मोहिमेवर जाणार होते, पण त्याऐवजी आनुवंशिकी शिकायला अमेरिकेला गेले. मोहिमेचं जहाज आइसलंडजवळ बुडालं. वाचला फक्त एक जण.

पुढे नाझींनी फ्रान्स ताब्यात घेतला. मोनो प्रयोगशाळेत काम करता करता भूमिगत चळवळीत उतरले. गुप्त कागद ते प्रयोगशाळेबाहेर उभ्या असलेल्या जिराफाच्या पोकळ पायात लपवायचे.

युद्धानंतर ते पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आले. तिथे त्यांनी आणि फ्रांस्वा जाकोब यांनी आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूवर काम केलं. या जिवाणूला दुधातली साखर दिली की ती पचवणारं एन्झाइम काही मिनिटांत तयार होऊ लागतं. साखर काढून घेतली की उत्पादन लगेच थांबतं.

मग डीएनएचा निरोप पोहोचवतं कोण? निरोप टिकाऊ असता, तर साखर संपल्यावरही एन्झाइम बनतच राहिलं असतं. म्हणजे चिठ्ठी वाचून झाली की फाटत असणार. १९६१ मध्ये दोघांनी या चिठ्ठीला नाव दिलं: मेसेंजर आरएनए, म्हणजेच एमआरएनए. त्याच वर्षी प्रयोगांतून तिचा पुरावाही आला. १९६५ मध्ये मोनो, जाकोब आणि आंद्रे ल्वॉफ यांना नोबेल मिळालं.

३१ मे १९७६ ला मोनो गेले. एक प्रश्न मात्र उरला होता. काही चिठ्ठ्या मिनिटांत नष्ट होतात आणि काही तासन्‌तास टिकतात, हे ठरवतं कोण?

उत्तराचा एक मोठा भाग १९८६ मध्ये मिळाला. चिठ्ठीच्या शेपटीकडे 'ए' आणि 'यू' या अक्षरांचा ठरावीक क्रम पुन्हा पुन्हा आला, की पेशी ती लवकर तोडते. रक्तातल्या ग्लोबिनची चिठ्ठी चांगली टिकाऊ असते. संशोधकांनी तिच्यात असा तुकडा घातला आणि तीही झटपट नष्ट होऊ लागली. म्हणजे निरोपासोबत त्याचं आयुष्यही चिठ्ठीतच लिहिलेलं असतं.

आता एमआरएनए लस बनवताना ही टोकं मुद्दाम निवडली जातात, म्हणजे चिठ्ठी शरीरात काम होईपर्यंत टिकते आणि मग संपते. बाटलीत टिकवणं हा वेगळा प्रश्न. त्यावरही काम झालं. जून २०२२ मध्ये पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, आणि ती ठेवायची होती २ ते ८ अंशांत. म्हणजे जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर जाते, त्याच साध्या पेटीत.