चौसष्ट हजार माणसांचा संगणक

एप्रिल १९१७. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात तोफा धडधडत होत्या. जखमी फ्रेंच सैनिकांना आघाडीवरून मागे आणणाऱ्या रुग्णवाहिकांच्या एका तुकडीत पस्तीस वर्षांचा एक इंग्रज चालक होता. त्याच्याजवळ समीकरणांनी भरलेले एक हस्तलिखित होते. लढाई पेटल्यावर ते पिछाडीला पाठवले गेले आणि तिथे हरवले. काही महिन्यांनी ते सापडले, तेही बेल्जियममध्ये, कोळशाच्या ढिगाखाली! त्या हस्तलिखिताचे पुढे पुस्तक झाले. एक अवाढव्य हिशेब हजारो जणांत कसा वाटायचा आणि तरीही तो एकजिनसी कसा ठेवायचा, हे त्या पुस्तकात सांगितले होते. इलेक्ट्रॉनिक संगणक तेव्हा जन्मालाही आला नव्हता. त्या चालकाचे नाव लुईस फ्राय रिचर्डसन.

रिचर्डसन यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८१ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे झाला. वडिलांचा कातडी कमावण्याचा व्यवसाय होता. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. घराणे क्वेकर पंथाचे. कोणत्याही कारणासाठी शस्त्र उचलायचे नाही, ही या पंथाची शिकवण. ती त्यांनी लहानपणी घेतली आणि अखेरपर्यंत सोडली नाही. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातून १९०३ मध्ये ते विज्ञानाची पदवी घेऊन बाहेर पडले. त्यानंतरची दहा वर्षे त्यांनी बऱ्याच नोकऱ्या केल्या : राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा, दिव्यांचा कारखाना, अध्यापन. मात्र त्यांच्या आयुष्याला दिशा दिली ती दलदलीतले पीट काढणाऱ्या एका कंपनीतील नोकरीने.

पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. वाळवला की तो जळणाला उपयोगी पडतो. तो सुकवण्यासाठी दलदलीत चर कुठे आणि कसे खणावेत, हा कंपनीपुढचा प्रश्न होता. पाणी कसे झिरपेल हे सांगणारे समीकरण उपलब्ध होते, पण वेड्यावाकड्या आकाराच्या जमिनीसाठी ते सुटत नव्हते. रिचर्डसन यांनी जमिनीच्या नकाशावर चौकोनांची जाळी आखली. प्रत्येक चौकोनाचा आकडा शेजारच्या चार आकड्यांवरून काढायचा, मग तो सुधारायचा, पुन्हा सुधारायचा. अवघड गणित अशा रीतीने बेरीज-वजाबाकीवर येऊन ठेपले. उत्तर नेमके मिळत नाही, पण हवे तितके जवळ जाता येते.

या पद्धतीला बुद्धीपेक्षा हात अधिक लागत. म्हणून त्यांनी मुलांना मजुरीवर कामाला लावले. जितकी आकडेमोड तितका मोबदला, आणि चुकलेली क्रिया हिशेबात धरायची नाही. तीन अंकी आकड्यांवर आठवड्याला सुमारे दोन हजार क्रिया, हा त्यातल्या एका चपळ मुलाचा वेग होता. अधिक-उण्याच्या चिन्हांत मुलांचा गोंधळ होतो, हेही रिचर्डसन यांनी नोंदवून ठेवले. धरणाच्या भिंतीवरील ताणाचा हिशेब या पद्धतीने करून त्यांनी १९१० मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. आपल्याच कॉलेजची फेलोशिप मिळावी म्हणून त्यांनी हे काम पुढे ठेवले, पण कॉलेजने ते नाकारले. अंदाजे उत्तर देणाऱ्या गणिताला तेव्हा फारशी प्रतिष्ठा नव्हती.

१९१३ मध्ये ब्रिटिश हवामान खात्याने त्यांची स्कॉटलंडमधील एस्कडेलम्युर वेधशाळेचे अधीक्षक म्हणून नेमणूक केली. त्या काळी हवामानाचा अंदाज म्हणजे जुन्या नकाशांशी आजचा नकाशा ताडून पाहणे. पूर्वी अशी स्थिती असताना पाऊस आला होता ना, मग आताही येईल! रिचर्डसन यांना हे पटेना. हवा ही भौतिकशास्त्राचे नियम पाळते. आजचा दाब, तापमान, आर्द्रता आणि वारा ठाऊक असेल, तर उद्याचा काढता आला पाहिजे. नॉर्वेचे शास्त्रज्ञ विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी हा विचार आधीच मांडला होता. प्रत्यक्ष आकडेमोड करून पाहण्याचे धाडस मात्र रिचर्डसन यांनी केले.

तोवर पहिले महायुद्ध सुरू झाले होते. लढायचे नाही, पण लोक मरत असताना वेधशाळेत बसूनही राहायचे नाही, असे ठरवून १९१६ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि क्वेकरांच्या रुग्णवाहिका पथकात दाखल होऊन ते फ्रान्सला गेले. पाळी नसेल तेव्हा थंडगार खोलीत, गवताच्या गंजीवर बसून ते आकडे मांडत. मध्य युरोपच्या नकाशावर त्यांनी बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन आखले. एकेक चौकोन सुमारे दोनशे किलोमीटरचा, म्हणजे पुण्यापासून कोल्हापूरपर्यंतच्या हवाई अंतराएवढा. त्यावरच्या हवेचे त्यांनी पाच थर धरले. एका रंगाच्या चौकोनात दाब काढायचा, दुसऱ्या रंगाच्या चौकोनात वारा. २० मे १९१० रोजी सकाळी सात वाजता फुग्यांच्या साहाय्याने घेतलेल्या नोंदी त्यांच्याकडे होत्या. त्या दिवशी पुढे काय झाले हेही ठाऊक होते. म्हणजे उत्तर माहीत असलेले गणित सोडवून पद्धतीची परीक्षा घ्यायची होती. अवघ्या दोन ठिकाणच्या सहा तासांतील बदलासाठी सुमारे सहा आठवडे लागले.

उत्तर आले ते असे : सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढेल. चक्रीवादळातसुद्धा दाब इतका बदलत नाही. त्या दिवशी तर तो जवळजवळ स्थिर होता. गणित साफ फसले होते.

दुसऱ्या कुणी ते कागद शेगडीत टाकले असते. रिचर्डसन यांनी ते छापले. १९२२ मध्ये केंब्रिज विद्यापीठ मुद्रणालयाने हवामानाच्या गणिती अंदाजावरील त्यांचे पुस्तक प्रकाशित केले. त्यात चुकलेल्या अंदाजाचा तक्ता पायरी-पायरीने दिलेला होता. उत्तर चुकले आहे, बहुधा सुरुवातीच्या वाऱ्यांच्या नोंदींतील त्रुटींमुळे, असेही त्यांनी स्पष्ट लिहिले.

याच पुस्तकात त्यांनी आणखी एक हिशेब मांडला. हवामान पुढे सरकण्याआधी अंदाज तयार हवा असेल, तर किती माणसे लागतील? साऱ्या पृथ्वीसाठी दोन हजार चौकोन आणि प्रत्येक चौकोनामागे ३२ माणसे, म्हणजे ६४ हजार गणक! मग त्यांनी या गणकांसाठी एका कारखान्याची कल्पना केली. नाट्यगृहासारखे प्रचंड गोलाकार दालन, आतल्या भिंतीवर जगाचा नकाशा. छताकडे उत्तर ध्रुव, सज्ज्यांतून इंग्लंड आणि उष्ण कटिबंध, तळाशी दक्षिण ध्रुव. प्रत्येक गणक आपापल्या चौकोनाच्या हिश्शाचे समीकरण सोडवतो आहे. मिळालेला आकडा छोट्या प्रकाशित पाटीवर झळकतो आणि शेजारचे गणक तो वाचून आपला हिशेब पुढे नेतात. मधोमध एका उंच खांबावर प्रमुख बसला आहे. तो कुणाचीही आकडेमोड करत नाही. त्याचे काम सर्वांची गती सारखी राखण्याचे. जो विभाग पुढे धावतो त्याच्यावर गुलाबी प्रकाशाचा झोत, जो मागे पडतो त्याच्यावर निळा. तयार झालेले आकडे हवेच्या दाबाने चालणाऱ्या नळ्यांतून शांत खोलीत जातात आणि तिथून रेडिओ केंद्राकडे.

हे स्वप्नरंजन वाटले तरी त्यात विभागून केलेल्या संगणनाचे तीन मुख्य प्रश्न नेमके ओळखलेले आहेत. काम कसे वाटायचे? चौकोनांनुसार. वाटल्यावर एकाला दुसऱ्याचे कसे कळायचे? सर्वांनी सर्वांशी बोलायचे नाही, फक्त सीमेवरचे आकडे शेजाऱ्याला दाखवायचे. आणि कुणी पुढे, कुणी मागे राहिला तर? सर्वांत हळू चालणाऱ्याची वाट पाहावीच लागते, कारण शेजाऱ्याचा जुना आकडा घेऊन केलेला हिशेब फुकट जातो. आजच्या महासंगणकांतही पृथ्वीचे असेच तुकडे पाडून ते हजारो प्रोसेसरांना वाटले जातात. प्रत्येक टप्प्यावर सीमेवरच्या आकड्यांची देवाणघेवाण होते आणि मागे राहिलेल्यांसाठी बाकीचे थांबतात.

मग रिचर्डसन यांचे उत्तर चुकले कुठे? हंड्याला धक्का लागला की पाण्यावर लहरी उठतात, पण हंड्यातले पाणी वाढत नाही. वातावरणातही अशा वेगवान लहरी असतात. दाब आणि वारा यांच्या नोंदींचा आपसात मेळ नसेल, तर गणितात या लहरी खोट्याच मोठ्या होऊन बसतात. रिचर्डसन यांनी लहर चढत असतानाचा वेग धरून थेट सहा तासांचा हिशेब केला, म्हणून आकडा फुगला. पुढे आयर्लंडचे हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनी याच नोंदींतील विसंगती काढून तेच गणित संगणकावर केले, तेव्हा बदल एका मिलिबारहूनही कमी आला. पद्धत बरोबर होती, कच्चा माल बिघडलेला होता. हे तपासता आले, कारण रिचर्डसन यांनी आपली चूक आकड्यांसकट छापून ठेवली होती.

युद्धानंतर ते हवामान खात्यात परतले. पण १९२० मध्ये हे खाते हवाई मंत्रालयाच्या, पर्यायाने लष्कराच्या, छत्राखाली गेले आणि रिचर्डसन यांनी राजीनामा दिला. हवेतील खळबळीवरचे त्यांचे संशोधन नावाजले गेले होते. तिचे मोजमाप आजही त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अंकाने होते. १९२६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. मात्र विषारी वायू कसा पसरेल हे जाणून घ्यायलाही हे ज्ञान वापरले जात आहे, असे लक्षात आल्यावर त्यांनी ते काम थांबवले आणि अप्रकाशित टिपणे नष्ट केली. त्या वेळी त्यांचे नाव झालेले होते, संशोधन ऐन भरात होते. हे सोपे नव्हते.

त्यानंतर त्यांनी आपले गणित युद्धांच्या कारणांकडे वळवले. एका देशाची शस्त्रे वाढली की शेजारचा घाबरून आपली वाढवतो, ते पाहून पहिला आणखी वाढवतो. ही शर्यत त्यांनी समीकरणांत बसवली. स्कॉटलंडमधील पेझली येथील तंत्रमहाविद्यालयाचे प्राचार्यपद १९४० मध्ये सोडून उरलेले आयुष्य त्यांनी याच कामाला दिले. ज्यांना सामाईक सीमा आहेत त्या देशांत युद्धे अधिक होतात का, हे तपासताना सीमांची लांबीच प्रत्येक पुस्तकात वेगळी असल्याचे त्यांना आढळले. मोजपट्टी जितकी लहान, तितकी सीमा लांब! बेन्वा मँडेलब्रॉट यांच्या फ्रॅक्टल भूमितीला पुढे याच निरीक्षणाचा आधार मिळाला.

१९५० मध्ये अमेरिकेत ज्यूल चार्नी, जॉन फॉन नॉयमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एनिॲक’ या संगणकावर हवामानाचा पहिला यशस्वी गणिती अंदाज काढला. चोवीस तासांच्या अंदाजाला जवळपास चोवीस तासच लागले. चार्नी यांनी निष्कर्ष रिचर्डसन यांना पाठवले. रिचर्डसन यांनी पत्नी डोरोथी यांना नकाशे ताडून पाहायला सांगितले. हवामान काल होते तसेच आजही राहील, असे गृहीत धरण्यापेक्षा संगणकाचा अंदाज किंचित सरस आहे, असा त्यांनी कौल दिला. हा प्रगतीचा फार मोठा टप्पा असल्याचे रिचर्डसन यांनी चार्नी यांना कळवले. ३० सप्टेंबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले.

आज पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘अर्क’ हा महासंगणक सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतक्या क्रियांच्या अकरा पटीहून अधिक क्रिया करू शकतो. तेथे विकसित झालेल्या अंदाजप्रणालीत चौकोन दोनशे नव्हे, सहा किलोमीटरचा आहे. पेरणी आज करावी की चार दिवस थांबावे, हे ठरवणाऱ्या शेतकऱ्याच्या हातातल्या मोबाइलपर्यंत या चौकोनांचे उत्तर पोहोचते.

रिचर्डसन यांच्या कारखान्याबाहेर खेळाची मैदाने, घरे, डोंगर आणि तळी होती. जो हवेचा हिशेब करतो त्याला मोकळी हवाही मिळाली पाहिजे, असे त्यांना वाटे. ६४ हजार गणकांची कल्पना करताना ती माणसे आहेत, हे ते विसरले नव्हते.