एकीकडे शपथ, दुसरीकडे शाहू महाराज: भोर संस्थानचे मूळ पुरुष शंकराजी नारायण यांनी काय केलं?

भोरवरून मांढरदेवीच्या रस्त्याला लागलं की दहा-बारा किलोमीटरवर अंबवडे गाव येतं. इथला झुलता पूल तुम्ही रील्समध्ये नक्की बघितला असणार. पावसाळ्यात पुण्यावरून पोरं खास त्या पुलावर फोटो काढायला येतात, नागेश्वराचं दर्शन घेतात, भजी खातात आणि परत जातात.

पण त्याच परिसरात एक समाधी आहे. तिच्यासमोर फारसं कुणी थांबत नाही.

ही समाधी शंकराजी नारायण सचिव यांची. भोरच्या पंतसचिव घराण्याचे मूळ पुरुष. मराठ्यांच्या इतिहासातल्या सगळ्यात अवघड पेचात हा माणूस सापडला होता आणि त्या पेचाची किंमत त्यांनी जीव देऊन मोजली.

तर विषय सुरू होतो १६८९ मध्ये.

संभाजी महाराजांची हत्या झाली होती. औरंगजेब महाराष्ट्रात तळ ठोकून बसला होता. रायगड पडला, येसूबाई आणि लहानगे शाहू मुघलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराजांना थेट जिंजी गाठावी लागली. म्हणजे राजा तमिळ मुलखात आणि राज्य इकडे सह्याद्रीत.

मग इथला कारभार बघायचा कुणी? ही जबाबदारी आली रामचंद्रपंत अमात्य आणि त्यांच्या जोडीला शंकराजी नारायण यांच्यावर. मैदानात संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव लढत होते, तर किल्ले, रसद, पैसा आणि माणसं सांभाळायचं काम या दोघांकडे होतं.

यातलं माणसं सांभाळणं सगळ्यात अवघड होतं. मुघल वतनांची लालूच दाखवत होते. मावळातले देशमुख इकडे राहतील की तिकडे जातील याचा भरवसा नव्हता. त्यांना पत्रं पाठवणं, वतनाची हमी देणं, फुटलेल्यांना परत आणणं, हे काम रोज चालायचं. त्याचा परिणामही दिसला. १६९० मध्ये राजगड, तोरणा, रोहिडा आणि प्रतापगड पुन्हा मराठ्यांकडे आले. यातले राजगड आणि तोरणा वेल्ह्यात, ज्या तालुक्याला आता राजगड म्हणतात. रोहिडा भोरमध्ये. म्हणजे हा सगळा टापू शंकराजींच्या पायाखालचा होता.

पुढे राजाराम महाराजांनी त्यांना सचिवपद दिलं. भोर संस्थानची सुरुवात म्हणून १६९७ हे साल सांगितलं जातं, ते याच काळातलं.

आता सचिव म्हणजे नेमकं काय? अष्टप्रधान मंडळात सचिवाने राजाची पत्रं तपासायची, त्यातला मजकूर बरोबर आहे का बघायचं, महाल-परगण्यांचे हिशोब तपासायचे. थोडक्यात, राजाने दिलेला शब्द कागदावर पक्का आहे ना, हे बघणारा माणूस.

१७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले आणि सूत्रं महाराणी ताराबाईंनी हातात घेतली. म्हातारा औरंगजेब स्वतः एकेक किल्ला घेत फिरत होता. १७०३ मध्ये सिंहगड, १७०४ मध्ये राजगड आणि तोरणा त्याने घेतले. पण त्याची पाठ वळली की मराठे किल्ले परत घ्यायचे. या फेरजिंकणीत शंकराजी पुढे होते.

१७०७ मध्ये औरंगजेब मेला आणि इथेच गोष्ट फिरली.

मुघलांनी शाहू महाराजांना सोडलं. सतरा-अठरा वर्षांच्या कैदेनंतर संभाजी महाराजांचा मुलगा महाराष्ट्रात परत आला. मुघलांचा हिशोब साधा होता, घरात दोन वारस झाले की मराठे आपसात भांडतील.

झालंही तसंच. आलेला माणूस शाहू नाहीच, तो तोतया आहे, अशी भूमिका ताराबाईंनी घेतली. आपल्या सरदारांना आणि प्रधानांना बोलावून त्यांच्याकडून दूधभातावर हात ठेवून एकनिष्ठेची शपथ घेतली. शंकराजींनीही ती घेतली.

आजच्या काळात शपथ म्हणजे फोटोपुरता कार्यक्रम वाटू शकतो. तेव्हा तसं नव्हतं. अन्नावर हात ठेवून दिलेला शब्द मोडणं म्हणजे देवाधर्माच्या दृष्टीने पाप. आणि हा भोरचाच मुलूख. रायरेश्वरासमोर शिवरायांनी स्वराज्याची शपथ घेतली, अशी परंपरा इथं घरोघरी सांगितली जाते.

१२ ऑक्टोबर १७०७ ला भीमेकाठी खेडला लढाई झाली. आलेला माणूस खरा शाहूच आहे अशी खात्री पटल्यावर धनाजी जाधव शाहूंना जाऊन मिळाले. ताराबाईंच्या बाजूने परशुराम त्रिंबक प्रतिनिधी ठाम राहिले, त्यांना पुढे शाहूंची कैद भोगावी लागली.

लढाई जिंकून शाहू पुण्याकडच्या मुलखात आले. इथले किल्ले शंकराजींच्या ताब्यात. शाहूंचा निरोप आला, येऊन मिळा.

आता करायचं काय? शाहूंना मिळावं तर शपथ मोडते. लढावं तर समोर शिवरायांचा नातू, ज्या घराण्यासाठी आयुष्य घालवलं त्याच घराण्याचा वारस. दोन्हीकडे निष्ठाच होती आणि दोन्हीकडे द्रोहही होता.

शंकराजींनी अंबवड्याला स्वतःचं आयुष्य संपवलं. काही जण सांगतात त्यांनी हिरकणी खाल्ली, काही जण जलसमाधी घेतली असं सांगतात.

बऱ्याचदा गोष्ट इथेच थांबवली जाते आणि निष्ठेचं कौतुक केलं जातं. पण मागे राहिलेल्यांचं काय झालं?

मागे होत्या त्यांच्या पत्नी येसूबाई आणि तान्हा मुलगा नारो शंकर. शाहू महाराजांनी सूड घेतला नाही. त्या तान्ह्या पोराला सचिवपदाची वस्त्रं दिली. कारभार येसूबाईंनी बघितला. पुढे दमाजी थोराताने नारो शंकरला पकडलं, तेव्हा बाळाजी विश्वनाथांनी सोडवणूक केली आणि त्या बदल्यात सचिवांकडचा पुरंदर त्यांच्याकडे गेला. शंकराजींनी स्वतःपुरता पेच सोडवला, पण त्यानंतरची सगळी लढाई येसूबाईंना लढावी लागली.

तसं बघितलं तर शाहूंनी दाखवलेला मोठेपणा शंकराजी जिवंत असतानाही कामाला आला असता. बोलणं झालं असतं, कदाचित मार्ग निघाला असता. पण हे आपल्याला तीनशे वर्षांनी दिसतं. त्यांना त्या दिवशी फक्त दूधभात आणि दारात आलेला धनी दिसत होता.

या घराण्याकडे भोर १९४८ पर्यंत राहिलं, नंतर संस्थान विलीन झालं. भोरचा राजवाडा आज सिनेमांच्या शूटिंगसाठी सगळ्यांना माहीत आहे.

पुढच्या वेळी अंबवड्याला गेलात, तर पुलावरचा फोटो काढाच. पण दोन मिनिटं त्या समाधीपाशीही थांबा. आणि तिथं हात जोडताना येसूबाईंचीही आठवण काढा.