तिसरा लढवय्या : डॉ. मार्सेल जुनो

युद्धात दोन पक्ष असतात हे शाळेतले मूलही सांगेल. परंतु त्या दोघांच्या मध्ये, हाती शस्त्र न घेता, जखमींसाठी आणि कैद्यांसाठी झगडणारा एक तिसराही असतो, असे स्वित्झर्लंडच्या एका डॉक्टरांचे म्हणणे होते. १९४७ साली त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला नावही तेच दिले. त्या डॉ. मार्सेल जुनो यांची थोडीशी ओळख वाचकांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

जुनो यांचा जन्म १४ मे १९०४ रोजी न्यूशातेल येथे एका पाळकाच्या घरी झाला. भावंडे सात. वडील वारल्यावर आईने जिनिव्हात खाणावळ चालवून घर सांभाळले, आणि काकांनी शिक्षणाचा भार उचलला. १९२९ साली ते डॉक्टर झाले. फ्रान्समधील म्यूलूझ गावी शस्त्रवैद्य म्हणून काम करीत असता, ऑक्टोबर १९३५ मध्ये रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचे बोलावणे आले. इटलीने इथिओपियावर स्वारी केली होती. एकतीस वर्षांचे जुनो निघाले.

जखमी कोणत्याही बाजूचा असो, त्याची शुश्रूषा व्हावी व त्याच्या दवाखान्यावर हल्ला होऊ नये, हा जिनिव्हा करार १८६४ पासून चालत आलेला. परंतु इथिओपियात डिसेंबर १९३५ मध्ये आधी देस्ये येथील इस्पितळावर बाँब पडले आणि मग मेल्का डिडा येथे स्वीडनच्या रेडक्रॉस पथकावर. पुढे मार्च १९३६ मध्ये कोरेमजवळ विषारी वायूने भाजलेली माणसे जुनो यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. असा वायू वापरणार नाही, असे १९२५ च्या करारावर सही करून इटलीने कबूल केले होते.

राष्ट्रसंघाने समितीकडे याबाबत माहिती मागितली. समितीने ती दिली नाही. आपण तटस्थ आहोत, एका बाजूची साक्ष दिली तर दुसरी बाजू आपल्याला दार बंद करील, अशी तिची समजूत.

स्पेनमधील यादवी युद्धात हेच दार उघडे ठेवण्याचा उपयोगही दिसला. यादवीला जिनिव्हा करार लागू नव्हता. तरीही जुनो दोन्ही बाजूंच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत राहिले, ओलिसांची अदलाबदल घडवून आणली आणि ताटातूट झालेल्या कुटुंबांचे निरोप पोचते करण्याच्या कामाला हात लावला. एका बाजूला उघड दोष देऊन हे काम झाले नसते.

मात्र गप्प बसण्याची किंमत आपल्या लोकांनी मोजली आहे. १४ ऑक्टोबर १९४२ रोजी, युरोपात यहुद्यांची कत्तल चालू असताना, जाहीर निषेध करावा की नाही यावर समितीची बैठक झाली आणि न करण्याचे ठरले. जुनो त्या वेळी समितीचे सभासद नव्हते. पुष्कळ वर्षांनी समितीने स्वतःच हे आपले नैतिक अपयश असल्याचे मान्य केले.

९ ऑगस्ट १९४५ रोजी, नागासाकीवर बाँब पडला त्याच दिवशी, जुनो युद्धकैद्यांच्या कामासाठी टोकियोत पोचले. महिनाअखेर त्यांच्या सहकाऱ्याची हिरोशिमाहून तार आली : शहर नाहीसे झाले आहे, औषधे पाठवा. जुनो तडक अमेरिकन लष्कराकडे गेले. सुमारे १५ टन औषधे मिळवून ८ सप्टेंबरला ते हिरोशिमात उतरले. तेथे पोचलेल्या पहिल्या परदेशी डॉक्टरांपैकी ते एक. मोडक्या इमारतींत पडलेल्या रोग्यांची त्यांनी स्वतः सेवा केली, आणि या वेळी जे पाहिले ते लिहूनही ठेवले. असले हत्यार पुन्हा वापरले जाऊ नये, यासाठी ते अखेरपर्यंत बोलत राहिले.

पुढे प्रकृतीमुळे तासन्‌तास उभे राहून शस्त्रक्रिया करणे जमेना. वयाच्या पन्नाशीकडे झुकताना ते भूल देण्याचे शास्त्र नव्याने शिकले आणि जिनिव्हाच्या इस्पितळात त्याचा विभाग उभारला. १९५२ साली ते समितीचे सभासद झाले, नंतर उपाध्यक्षही. १६ जून १९६१ रोजी, कामावर असतानाच, हृदयविकाराने ते गेले.

हिरोशिमाच्या शांती उद्यानात १९७९ पासून त्यांचे स्मारक आहे. डॉक्टराने जखमीची बाजू विचारू नये, हे त्यांच्या आयुष्यावरून शिकावे. पण जखम कोणी केली हे ठाऊक असूनही गप्प बसावे काय, हा प्रश्न मात्र इथिओपियापासून अजून उभाच आहे. त्याचे उत्तर वाचकांनी आपल्या मनाशी शोधावे.