सिमला ऑफिसातल्या मॅडम

आकुर्डीहून लोकल पकडायची, शिवाजीनगरला उतरायचं आणि एफसी रोडकडे सुटायचं, हा आपला रविवारचा ठरलेला कार्यक्रम. वाटेत एक चौक लागतो, सिमला ऑफिस. कुठे ते बर्फातलं सिमला आणि कुठे आपलं पुणं! पण हे नाव उगाच पडलेलं नाही. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्याला आलं आणि पुणेकरांनी त्या इमारतीला कायमचं सिमला ऑफिस करून टाकलं. पुढे मुख्य कार्यालय दिल्लीला गेलं, नाव मात्र इथेच राहिलं.

पुण्याच्या याच हवामान कार्यालयात १९४८ साली तिशीतल्या एक बाई नोकरीला लागल्या. त्यांचं नाव अण्णा मणी. नाव वाचून इडलीच्या गाडीवरचा अण्णा डोळ्यांसमोर आला असेल तर तुमचा दोष नाही, माझंही तेच झालं होतं!

हा लेख लिहायचं कारण जरा लाजिरवाणं आहे. गेल्या सेमिस्टरला हीट ट्रान्सफरच्या प्रॅक्टिकलला आमच्या बॅचचं रीडिंग काही केल्या जुळेना. शेवटी सीनियरचं जर्नल आणलं, पॉइंटनंतरचे आकडे थोडे इकडेतिकडे केले आणि ग्राफ कसा एकदम सरळ रेषेत आला. सरांनी ग्राफ पाहिला आणि थर्मामीटर किती वेळ ठेवला होता, एवढंच विचारलं. आम्ही चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. सरांनी सही केली नाही, पण लायब्ररीत जाऊन अण्णा मणींबद्दल वाचून या असं सांगितलं.

त्यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ चा, त्रावणकोर संस्थानातल्या पीरमेड इथला. वडील सिव्हिल इंजिनिअर, वेलदोड्याचे मळे, आठ भावंडांत यांचा नंबर सातवा. घरच्या रीतीप्रमाणे आठव्या वाढदिवसाला मुलीला हिऱ्याच्या कुड्या मिळायच्या. या मुलीने कुड्या नाकारल्या आणि त्याऐवजी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड मागितले. गांधीजींच्या विचारांचा प्रभाव पडला आणि अंगावर खादी आली ती जन्मभर राहिली.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९३९ मध्ये बी.एस्सी. ऑनर्स, मग शिष्यवृत्ती मिळवून बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत. गंमत बघा, कानात हिरे नको म्हणणारी मुलगी तिथे दिवसरात्र हिऱ्यांवरच काम करत होती! हिरे आणि माणकं प्रकाशात कशी चमकतात याचे वर्णपट त्या घेत. एका फोटोग्राफिक प्लेटला पंधरा-वीस तास लागायचे, त्यामुळे कधी कधी झोपही प्रयोगशाळेतच. पाच शोधनिबंध झाले, प्रबंध तयार झाला. १९४५ मध्ये तो मद्रास विद्यापीठाकडे गेला आणि विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली. कारण काय, तर एम.एस्सी.ची पदवी नाही. कामात खोट निघाली नव्हती, कागद एक कमी पडला होता.

आपली एक केटी लागली तर आपण आठवडाभर मेसला जात नाही. त्यांनी मात्र पदवीचा विषय तिथेच सोडला. इंग्लंडला जायची संधी आली, पण मनातल्या भौतिकशास्त्रासाठी नाही. शिष्यवृत्ती होती ती हवामानाची उपकरणं शिकायची. त्या त्याच वर्षी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात गेल्या आणि तीच उपकरणं पुढे त्यांचं आयुष्य झाली.

आता आठवी-नववीचं थोडं आठवूया. तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी. ८० अंशांचा दीडशे मिलिलिटर चहा आणि ४० अंशांची १५ लिटरची बादली घ्या. हाताला चटका चहाच देणार. पण दोन्ही २५ अंशांपर्यंत निवली तर चहातून साधारण ३५ किलोजूल उष्णता बाहेर येईल आणि बादलीतून जवळजवळ ९४५. तापमान कमी, पण उष्णता पंचवीसपटीहून जास्त.

दुसरी गोष्ट आम्ही चौघंही विसरलो होतो. थर्मामीटर दाखवतो ते स्वतःचं तापमान! आजूबाजूच्या वस्तूशी त्याचं तापमान सारखं झालं, म्हणजे औष्णिक समतोल आला, की मगच तो आकडा त्या वस्तूचा म्हणायचा. म्हणून थांबावं लागतं. तोच थर्मामीटर उन्हात टांगला तर ऊन खाऊन तो स्वतः तापतो आणि हवेपेक्षा जास्त आकडा दाखवतो. हवामान खात्याचे थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या पेटीत ठेवतात ते याचसाठी. हवा आत खेळते, ऊन आत येत नाही.

मणी मॅडम पुण्यात रुजू झाल्या तेव्हा देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि हवामानाची बहुतेक उपकरणं परदेशातून यायची. ती इथे बनवायची असं खात्याने ठरवलं. १९५३ मध्ये त्या उपकरण विभागाच्या प्रमुख झाल्या. हाताखाली शंभराहून जास्त माणसं, आणि सगळे पुरुष. जवळपास शंभर उपकरणांची ड्रॉइंग्ज त्यांनी प्रमाणित करून घेतली. ड्रॉइंगवर टॉलरन्स लिहिताना आपण किती कंटाळा करतो! पण एक थर्मामीटर नागपूरला आणि दुसरा रत्नागिरीला असेल, तर दोघांचा एक अंश सारखाच हवा. नाहीतर नकाशावर दिसणारा फरक हवेतला की उपकरणातला, हे कळणार कसं? चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

१९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात त्यांनी देशभर सूर्याची उष्णता मोजणारी केंद्रं उभी केली. त्यातलं यंत्र म्हणजे पायरॅनोमीटर. काचेच्या घुमटाखाली एक काळी चकती असते. ऊन शोषून ती तापते. तिला दोन वेगळ्या धातूंचे सांधे जोडलेले असतात. गरम आणि थंड सांध्यांत तापमानाचा फरक पडला की काही मिलिव्होल्ट दाब तयार होतो, त्यावरून दर चौरस मीटरला किती वॅट ऊर्जा आली ते समजतं. घुमट असतो तो वाऱ्याने चकती निवू नये म्हणून. निरभ्र दुपारी हा आकडा १००० च्या आसपास जातो.

पुढे ओझोन मोजणारं, बलूनवरून सोडायचं उपकरण त्यांच्या विभागाने बनवलं. १९६३ मध्ये थुंबाहून पहिलं रॉकेट उडालं, तिथली हवामान वेधशाळा विक्रम साराभाईंच्या विनंतीवरून त्यांनीच उभारली. १९७६ मध्ये त्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या, पण स्वस्थ बसल्या नाहीत. १९८० आणि १९८१ मध्ये भारतातल्या सौर ऊर्जेच्या आकड्यांचे दोन मोठे ग्रंथ आले. नंतर वाऱ्याच्या ऊर्जेची मोजणीही त्यांनी हाती घेतली. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरमला त्यांचं निधन झालं. आता दोन तपं उलटून गेली.

त्यांचं काम बघायला पुण्यापर्यंतही जायला नको. रावेतला आपल्या डोक्यावर, हॉस्टेलच्या गच्चीत सोलर हीटर आहे, तिथे जा. १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला १२,६०० किलोजूल लागतात. दोन चौरस मीटरचा पॅनेल, भर दुपारचं ऊन, त्यातलं निम्मं जरी पाण्यात उतरलं तरी साडेतीन तास हवेत. कुठल्या गावाला, कुठल्या महिन्यात असं ऊन किती मिळेल? कोणीतरी वर्षानुवर्षं खरं मोजून ठेवलं असेल, तरच डिझायनरला याचं उत्तर मिळतं. तो आकडा कोणी सीनियरच्या जर्नलमधून उतरवला असता, तर सकाळी सात वाजता रांगेत आपण गार पाण्याने कुडकुडलो असतो. (काही जण अजूनही कुडकुडतात, पण ते उशिरा उठतात म्हणून!)

पुढच्या आठवड्यात आम्ही ते प्रॅक्टिकल पुन्हा केलं. या वेळी समतोल येईपर्यंत थांबलो, चांगला पाऊण तास गेला. ग्राफ काही सरळ रेषेत आला नाही, दोन पॉइंट बाहेरच राहिले. ते तसेच ठेवले आणि खाली का गेले असावेत ते लिहिलं. सबमिशन उशिरा म्हणून मार्क कापले गेलेच. सरांनी मात्र त्या दोन पॉइंटभोवती लाल पेनाने गोल केला आणि सही केली.