तळटीपेत राहिलेला शास्त्रज्ञ : डॉ. मेघनाद साहा

संशोधकाची लायकी आज आकड्यांवर ठरते. किती शोधनिबंध छापून आले आणि इतरांनी त्यांचा किती वेळा संदर्भ दिला, यावर प्राध्यापकाची बढती आणि विद्यार्थ्याची पुढची वाट अवलंबून असते. हा आकडा म्हणजेच गुणवत्ता, असे आमच्या मुलांना सांगितले जाते. आम्हाला हे मान्य नाही. का मान्य नाही, ते डॉ. मेघनाद साहा यांच्या चरित्रातून समजते.

६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याजवळच्या शेवरातली गावात एका किरकोळ दुकानदाराच्या घरी साहांचा जन्म झाला. त्यांची जात व्यापार करणारी, पण सवर्णांच्या लेखी खालची. १९११ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले आणि ईडन हिंदू वसतिगृहात राहू लागले. तिथल्या सवर्ण विद्यार्थ्यांना त्यांच्या पंक्तीला बसणे नको होते. सरस्वतीपूजेपासूनही त्यांना दूर ठेवले गेले. विद्येच्या देवीजवळ ज्याला जागा नव्हती, तोच पुढे ताऱ्यांची विद्या जगाला शिकवणार होता.

१९१७ साली तरुण साहांनी प्रकाशाच्या दाबासंबंधी एक दीर्घ निबंध लिहून अमेरिकेतील ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’कडे पाठविला. छपाईच्या खर्चाचा काही भाग लेखकाने उचलावा, असे उत्तर आले. रक्कम शंभर डॉलरच्या वर होती. त्यांच्या तुटपुंज्या पगारावर आईवडील आणि धाकटा भाऊ जगत होते. पैसे आणायचे कोठून? अखेर १९१९ मध्ये त्या नियतकालिकात एक छोटेसे टिपण तेवढे आले. पूर्ण निबंध कलकत्ता विद्यापीठाच्या नियतकालिकात छापला गेला. ते परदेशात वाचणार कोण? पुढे इंग्लंडच्या मिल्न यांनी हाच विषय विकसित केला आणि तो सिद्धांत त्यांच्या नावावर जमा झाला. मिल्न यांनी १९२४ च्या निबंधात साहांचा उल्लेख केला होता, पण तळटीपेत. ती तळटीप कोणाच्या नजरेत भरली नाही. १९४६ साली एका परदेशी शास्त्रज्ञाला पत्र लिहून साहांना हा सारा हिशेब स्वतःच मांडावा लागला.

तरीही हा माणूस खचला नाही. १९२० साली ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये त्यांचा सूर्याच्या बाह्य वातावरणातील अणूंच्या आयनीभवनावरचा निबंध आला. तापमान आणि दाब यांनुसार अणूंमधून किती इलेक्ट्रॉन सुटतात, हे सांगणारे समीकरण त्यांनी दिले. ताऱ्याच्या प्रकाशावरून त्याचे तापमान व घटक ओळखण्याची किल्ली शास्त्रज्ञांच्या हाती आली. सेसिलिया पेन यांनी १९२५ साली हेच समीकरण वापरून तारे मुख्यतः हायड्रोजनचे असल्याचे दाखविले. १९२७ मध्ये साहा रॉयल सोसायटीचे फेलो झाले. नोबेलसाठी त्यांचे नाव एकाहून अधिक वेळा सुचविले गेले. पारितोषिक मात्र मिळाले नाही. आज जगभरचे संशोधक ‘साहा समीकरण’ एवढेच म्हणून पुढे जातात, मूळ निबंधाचा संदर्भ कित्येकदा देतही नाहीत. सर्वांच्या वापरात गेलेले काम असे मोजणीतूनच सुटते.

अणुकेंद्राच्या अभ्यासातही तेच घडले. १९३६ साली न्यूट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या वस्तुमानाचा विचार करताना त्यांनी चुंबकाच्या एकट्या ध्रुवाबद्दलचा डिरॅक यांचा निष्कर्ष अगदी सोप्या रीतीने काढून दाखविला. निबंध भारतीय नियतकालिकात होता. १९४९ मध्ये विल्सन यांनी तीच रीत अमेरिकेत मांडली, तेव्हा आपण हे आधीच छापले आहे, असे साहांना त्याच ‘फिजिकल रिव्ह्यू’त लिहून कळवावे लागले.

१९३८ साली अलाहाबादहून कलकत्त्याला परतल्यावर त्यांनी अणुकेंद्रीय भौतिकी एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात आणली, शिष्याला सायक्लोट्रॉन शिकण्यासाठी बर्कलेला धाडले आणि संस्था उभी केली. ११ जानेवारी १९५० रोजी इरेन जोलिओ-क्युरी यांनी तिचे उद्घाटन केले. १९४३ च्या दामोदर पुरानंतर ते चौकशी समितीवर होते. तीच दामोदर खोरे योजना व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातील मजूरमंत्री या नात्याने बाबासाहेबांनी पुढे नेली. १९५२ साली साहा अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. यांतले कोणते काम सायटेशनच्या आकड्यात बसते?

आजही अनेक नियतकालिके लेखकाकडून छपाईखर्च मागतात. पहिल्या पिढीतल्या आमच्या संशोधकाला तो परवडत नाही, म्हणून तो मिळेल तेथे छापतो आणि मग त्याचे कोणी वाचत नाही. यावर उपाय आपल्याच हातात आहे. आपल्या प्राध्यापकांनी आपल्या मुलांचे निबंध वाचावेत आणि योग्य तेथे त्यांचा संदर्भ द्यावा, तोही तळटीपेत नव्हे, मजकुरात. जयंतीच्या वर्गणीतून मिरवणुकीचा खर्च निघतो. त्यातलाच थोडा भाग एखाद्या विद्यार्थ्याच्या निबंधाच्या छपाईसाठी बाजूला काढावा. छपाईच्या खर्चापायी साहांचा सिद्धांत दुसऱ्याच्या नावावर गेला. आपल्या मुलांच्या बाबतीत तसे होऊ द्यायचे की नाही, हे आपणच ठरवायचे आहे.